पासष्ट ग्राम

कोऱ्याच्या फाट्यावर माझं लेथचं दुकान.
जिनिंगचे रोलर, पंपाच्या शाफ्टी, ट्रॅक्टरच्या बुशी,
एवढंच येतं इथे, तेही हंगामात, तेही घाईत.
नेवाऱ्याची आचल आली ती वहीचं पान घेऊन.
पानावर दोन वाट्या, पाठीला पाठ,
मध्ये फट, साडेचार मिलिमीटरची.
"काका, यो-यो करून द्या. ॲल्युमिनियमचा."
(आमची पिढी त्याला जर्मन म्हणते.)
मी म्हटलं, जत्रेत भेटते न वो, दहा रुपयाले.
ती हसली नाही.
"जत्रेतला झोपत नाही," म्हणाली.

दोरीच्या टोकाशी, जागच्या जागी
फिरत राहणं, ते झोपणं.
आमचा भवराही निजायचा असाच, आरीवर,
हलत नाही असं वाटेपर्यंत.
तेवढ्यावर मी हो म्हटलं.

हिंगण्याच्या भंगारातून दांडा आणला,
चकात धरला, रॉकेल सोडत गेलो थेंब थेंब.
जर्मनचा कीस लांब निघतो, कुरळा, चमकता,
उचलावा तर बोट कापतो.
आचल स्टुलावर. पाय हलवत सांगत होती:
पोट खरवडा, कड राखा,
वजन बाहेर गेलं की जास्त वेळ फिरतो.
हे मला कोणी शिकवू नये.
बाप बैलगाडीच्या चाकाला धाव चढवायचा,
लाल लोखंड, वरून पाणी, सगळं गाव धुरात.
पण कड राखून पोट किती खरवडायचं?
भिंत दीड मिलिमीटरवर आली
तेव्हा टूल कण्हायला लागलं.
पहिली वाटी फाटली.
दुसरी उतरली.
तिसरी उतरली, पण दुसरीची जोडी होती का,
हे डोळ्याला कळेना.

म्हणून गिरडच्या सोनाराचा काटा.
एक तीस ग्राम, एक तीस आणि चार दशांश.
"कोणाच्या लग्नातलं?" सोनारानं विचारलं.
मी चहा पिऊन निघालो.

बेअरिंग तिनं पोस्टानं मागवलं होतं,
करंगळीच्या नखाएवढं.
बाहेरच्या कड्याला मधोमध उतार,
दोरी आपसूक मध्यावर येते, भिंतींना घासत नाही.
दोन्ही आतल्या अंगांना सिलिकॉनची बारीक कडी,
ते माझंच, ट्रॅक्टरच्या गॅस्केटचं.
मधे खिळीचा आटा. पिळला. बसला.
सगळा मिळून पासष्ट ग्राम.

दुकानाच्या दारात तिनं फेकला.
खाली गेला. तिथेच राहिला.
झटका दिला, वर येईना. पुन्हा झटका. येईना.
"बिघडला काय वो?"
"नाही काका. जमला."
आणि दुसऱ्या हातानं दोरीचा एक वेढा
खालून त्याच्या फटीत भरवला.
सिलिकॉननं धरलं. सणकन तळहातात.

मग तिची बोटं सुटली.
दोरीवर उतरवला, दोरीखालून काढला,
बाजेची वीण पडावी तशी दोरी दहा बोटांत,
आणि मधे तो, तिरका न होता.
फाकलेल्या तोंडाचा आहे म्हणून सापडतो दोरीला,
असं काहीतरी ती म्हणत होती.
मी हात बघत होतो.
सोळा वर्षांची पोरगी,
हात माझ्या बापासारखे शांत.

तेवढ्यात लाईट गेली.
लेथ हळूहळू थांबला, पट्टा थांबला, पंखा.
अंधारात तो तेवढा फिरत होता,
त्याचा आवाज येत होता.
मी कान लावला, जसा बेअरिंगला लावतो
शाफ्ट वाकडी असल्याचा संशय आला की.
गुंजन साफ. आणि त्याच्या आत
एक बारीक थरथर,
मोजता न येणारी, पण आहे.

"चार दशांश," मी म्हटलं.
"मले बोटाले जाणवतेच," ती म्हणाली,
म्हणजे तिला आधीपासून ठाऊक होतं.

"खोल. आत्ताच काढतो."
"लाईट नाही न काका."
"पॉलिश पेपरनं काढतो. हातानं."

बाहेर बुशी न्यायला आलेला धनराज
हॉर्नवर हॉर्न देत होता.