बावन्न सेकंद

शमूचाचा परकार टीव्हीवर आले होते,
एडनला, चौसष्टच्या डिसेंबरात,
आणि दाभोळात हे कुणालाच पटत नव्हतं,
कारण दाभोळात तेव्हा वीजही नव्हती.

पुढे सरपंचांकडे टीव्ही आला.
चाचा रोज दिवेलागणीला त्यांच्या पडवीत जाऊन बसत.
शेतीची माहिती, बातम्या, हरवलेली माणसं,
सगळं शेवटपर्यंत बघत,
कधीतरी आपण लागू म्हणून.

मी जेटीच्या रस्त्यावर
लग्नाच्या कॅसेटी पेनड्राइव्हवर उतरवून देते.
बुरशी पुसायची, तुटलेली फीत जोडायची.
एकदा दारात उभे राहून म्हणाले,
तुझ्याकडे अख्ख्या गावाची लग्नं आहेत,
माझं एक गाणं बघ मिळतंय का.

गाणं कुठलं, ते आठवत नव्हतं.
ड्रम भाड्याचे होते, आठवत होतं.
कोट बटलरचा, बाह्यांना लांब.
गाणारा सोमाली, गिटारवर एक गोवेकर,
आणि हे, इंजिनात तेलपाणी करणारे,
नखांतलं काळं निघेना म्हणून
बोटं लिंबानं घासलेली.

तीन वर्षं पत्रं लिहिली.
कुणी कळवलं, ते स्टेशन राहिलं नाही.
कुणी कळवलं, ते राज्यच राहिलं नाही.
तिथं काम केलेल्या एका म्हातारीनं मात्र
नीट दोन पानं लिहिली:
टेप महाग असायची, बाई.
एकीवरच आठ-आठदा चढवायचो.
तुमच्या माणसावर आता बहुतेक फुटबॉल आहे.

हे मी चाचांना सांगितलं नाही.
रात्री मात्र डोळे मिटले की दिसायचं,
कबरस्तानाच्या भिंतीआड पोरं चेंडू लाथाडतायत,
आणि खालून कुणीतरी ताल धरतंय.

मग धोपाव्याच्या फेरीनं अंजनवेलची एक बाई आली,
मांडीवर बिस्किटांचा पत्र्याचा डबा.
सासरे बोटीवर भंडारी होते म्हणाली,
हौसेनं कॅमेरा घेतलेला, फेकून देणार होतो.
झाकण उघडलं तर वास शिरक्याचा,
त्याखाली थोडा वेलदोड्याचा.
एका रिळावर पेन्सिलीनं:
बोट, उंट, टीव्ही.

खलाशांच्या कॅन्टीनमधला टीव्ही.
भंडाऱ्यानं त्याच्यावरच कॅमेरा रोखलेला.
आवाज नाही.
एक काळा पट्टा खालून वर चढतो,
संपतो, पुन्हा खालून येतो.
मधोमध गाणारा, शेजारी गिटार,
आणि उजवीकडे, काच जिथं वळते तिथं,
एक कोपर.
लांब बाहीतून निसटलेलं मनगट.
झांजेची अर्धी कड.
बस. तीन वर्षांच्या शोधाचं एक कोपर.

चाचा इस्त्रीचा शर्ट घालून आले.
पहिल्यांदा बघून झाल्यावर म्हणाले,
हे पळतंय. आम्ही इतक्या घाईत नव्हतो.

मी वेग कमी केला.
अजून, म्हणाले. बशीवर चमचा धरला,
मान किंचित तिरकी.
अजून थोडा.
हां.
चमचा आणि मनगट एकदम खाली आले,
आणि माझ्या दुकानात,
जिथं दिवसभर सनया वाजत असतात,
एक गाणं सुरू झालं ज्याला फक्त ठेका होता.

मग त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं.
कोपरावर नाही.
काळा पट्टा सरकतो तेवढ्यापुरती
टीव्हीची काच आरसा होते, तिथं.
गंजीतला भंडारी, डोळ्याला कॅमेरा.
मागे बाकावर माणसं, दाटीवाटीनं.
दारात एक पोरगा, हातात ट्रे,
ग्लास द्यायचं विसरलेला.

हा रमजान, म्हणाले.
म्हणजे बघितलं यानं.

बराच वेळ नुसता पंखा.

याचे चहाचे दोन शिलिंग राहिले माझ्याकडे.
सकाळी बोटच सुटली.

पुन्हा लावू का, मी विचारलं.
नको, फेरी लागेल इतक्यात,
म्हणत ते चपला शोधू लागले.
फेरीनं त्यांना कुठंही जायचं नव्हतं.