डावीकडे सरकलेली रेघ

सातपूरच्या वर्कशॉपात जैनोद्दीनचाचा कोकणींनी
पोलादाच्या पातळ पत्र्याला भोक पाडून दिलं,
दोन केस शेजारी ठेवावेत एवढं.
"एवढ्याशा खोलीत राहायला कोण येणार?"
चष्मा कपाळावर चढवत त्यांनी विचारलं.

भाडेकरू सिन्नरकडच्या खाणीतला.
सुरुंगाने उकललेल्या काळ्या पाषाणाच्या पोटात
पांढऱ्या सुयांचा झुपका, झिओलाइट.
खडीवाल्यांच्या लेखी निव्वळ खोट.
मी तो खलात घोटला,
एक कणी सुईच्या टोकावर उचलली, श्वास धरून.
सोबत पाण्याचा थेंब
आणि माणकाचा कण:
दाब किती, ते त्याच्या लालीवरून कळतं.
मग वर एक हिरा, खाली एक,
टोकं घासून सपाट केलेले.
सराफ बाजारात यांना कुणी बोटात घालणार नाही.

चार स्क्रू. समोरासमोरचे, पाव पाव फेरा.
"गंगापूर धरणाच्या तळाशी केवढा असतो हो दाब?"
रात्रपाळीचे निरगुडे दारातून.
असेल चार-पाच वातावरणांचा.
"आणि ह्यात?"
दहा हजार.
ते एक पाऊल मागे सरले.

क्ष-किरणांच्या एका फोटोला चार तास.
तेवढ्यात चहा, डास,
त्र्यंबक रोडवरून जाणारे टेम्पो.
अणूंच्या रांगांवरून विखुरलेला उजेड
पडद्यावर कडी होऊन उमटतो,
कडीची होते रेघ.
दाबलं की रांगा जवळ येतात,
रेघ उजवीकडे जाते.
मीठ गेलं. लोखंड गेलं. गारगोटीसुद्धा गेली.

ही डावीकडे.

स्क्रू तपासले. माणिक तपासलं.
अंतर पुन्हा मोजलं, स्वतःवर चिडत.
पुन्हा चार तास.
पुन्हा डावीकडे.

पहाटे गायधनीबाईंना उठवलं.
"पाणी प्यायलाय तो," झोपेतला घोगरा आवाज,
"आत रिकाम्या वाटा असतात त्याच्या.
दाबलास, म्हणून पाणी आत घुसलं. फुगलाय."

मला माझ्या आईबद्दल काहीतरी सुचलं,
मी बोलायला लागले.
"दगडाचं दगडापाशी ठेव गं.
कोन लिही."

लिहिला.
स्क्रू सैल केले तशी रेघ
सावकाश, जराशी कुरकुरत, जागेवर आली.

चाचांना पत्रा परत नेऊन दाखवला.
त्यांनी तो ट्यूबलाइटसमोर धरला,
एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं.
"गोल नाही राहिलं," म्हणाले,
आणि पत्रा खिशात टाकला,
फेकला नाही.