हरिपूर, नमुना एकशेचौदा

संगमाकडे उतरताना डाव्या हाताला मगदुमांचं घर.
दारात हळदीची रिकामी पोती
उलटी करून वाळत घातलेली.
मी मिरजेहून आलेय. खांद्याला बर्फाचा डबा,
जांभळ्या टोपणाच्या नळ्या, सहीचे कागद
आणि एक प्रश्न, जो माझा नाही, प्रकल्पाचा आहे:
एकाच घरात, एकाच पिंपातले डास,
मग चिकनगुनिया एकालाच का धरतो?

रायगोंडा थोरला. भाद्रपदात पडला,
होळीपर्यंत मुठी मिटत नव्हत्या त्याच्या.
यार्डातला हमाल. पोत्याला हूक मारणारा माणूस
चहाची बशी दोन्ही तळव्यांत धरून प्यायचा.
बसगोंडा धाकटा. त्याच खाटेशेजारी झोपून
साधी कणकणसुद्धा नाही.
लाजल्यासारखा बाही वर करतो.
"माझं जास्ती घ्या," म्हणतो, "मला काय झालं न्हाई."

आई विचारते, "रगतात काय बघता?"
मी सांगते: सहाव्या गुणसूत्रावर एक जागा असते,
घरातला कोण, उपरा कोण
ते ओळखायच्या खुणा तिथं लिहिलेल्या.
अर्ध्या आईकडून येतात, अर्ध्या बापाकडून.
वाटणीच म्हणा. फक्त मोजणी नाही, तलाठी नाही,
आणि कुणाला कुठला तुकडा आला
ते सातबाऱ्यावर कधी चढत नाही.

हे सांगायला नको होतं.
ती थोरल्याच्या हातांकडे बघत राहिली.
"म्हंजे ह्येला मी वाईट तुकडा दिला व्हय?"

तिचंही रक्त घेतलं. शीर लवकर सापडेना.
नमुना एकशेचौदा. सुशाबाई. वय एकाहत्तर. माहेर बार्शी.

चार महिन्यांनी निकाल.
भावाभावांत चारांत एकदा जुळतं, ते इथं जुळलं होतं:
त्या जागी दोघं हुबेहूब, अक्षराला अक्षर.
सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.
ज्या कारणासाठी एवढ्या फेऱ्या
ते कारण ह्या घरात तरी नव्हतं.
"एका घरावरून काही ठरत नसतं," म्हणाले,
आणि तक्त्यात दोन सारख्या ओळी
एकीखाली एक तशाच राहिल्या.

पण एकशेचौदात खुणा निघाल्या
चिकनगुनियाच्या. ताज्या नव्हेत. मुरलेल्या.

परत गेले. वाटेत जुन्या पेवांची जागा,
पुरानं बुजलेली.
आजी हळकुंडं निवडत होत्या.
कधी असा ताप आलेला का, विचारलं.
"आल्ता की. दुष्काळाच्या दुसऱ्या साली.
लगीन हून वरीस न्हवतं झालं.
पंचमीला माहेरी गेल्ते, आले ती वाकूनच.
घागर उचलंना, जात्याचा खुटा धरवंना.
सासू म्हणली, सोंग करतीया.
नणंद म्हणली, कामाला नको म्हणून.
ह्येंनी बी मान हलवली.
आठ म्हैनं सोंग केलं बघा मी."

मी कागद पुढे केला. बसगोंडानं आकडा वाचला.
"ह्ये रगतात हाय आजून?"
"आहे."
"पन्नास वरसं?"

मला माहीत आहे,
ह्या खुणांवर साल लिहिलेलं नसतं.
गेल्या भाद्रपदातला तोच डास
तिलाही चावला असेल, ताप न येता,
धाकट्या लेकालाही तसाच कदाचित.
अहवालात सरांनी तसंच लिहिलंय, आणि ते बरोबर आहे.
मी तोंड उघडलं.
तिनं कागद उलटा धरला होता
आणि अंगठ्यानं आकडा चाचपत होती,
हळदीचा डाग पडला त्यावर.
मी गप्प बसले.

"ह्याची एक नक्कल मिळंल का?" ती म्हणाली.
"सासू कवाच गेली. पण नणंद हाय आजून, तासगावात."

कोपऱ्यावरच्या दुकानात झेरॉक्स दोन रुपये.
मी तीन काढल्या.