कानामायसिन

नुकूसच्या क्षयरोग दवाखान्यात
मी औषधं मोजायला होतो त्या वर्षी
वारा अराल समुद्राच्या तळाचं मीठ आणायचा
आणि खिडकीच्या चौकटीवर ठेवून जायचा.
समुद्र गेला होता, उधारी तेवढी येत होती.

कोनिसबाय, वय एकसष्ट, दुतार बनवणारा.
तुतीच्या फळीवर नख वाजवून सांगायचा,
ही गाईल.
ही नुसतीच जळेल.

आधीच्या हिवाळ्यात त्याला रिफाम्पिसिन दिलेलं.
ते जंतूच्या नकलनविसाचा हात धरतं,
हुकूम तिजोरीत पडून राहतो, नक्कल निघत नाही.
बदल्यात लघवी केशरी, घाम केशरी,
आसवंसुद्धा केशरी.
बायको जुमागुल म्हणाली,
चाळीस वर्षांत पहिल्यांदा दिसलं
हा रडतो ते.
पण या जंतूंनी नकलनवीसच बदललेला होता.

पेनिसिलिनचं बरं असतं, सरबिनाझ नर्स म्हणायची,
ते फक्त गवंड्याशी भांडतं.
विटांना सांधा मिळू देत नाही,
जंतू आतल्या दाबानंच फुटतो.
आपल्याला ती भिंतच नाही, म्हणून आपलं फारसं बिघडत नाही,
कुणाच्या अंगावर गांधी उठतात,
एखाद्याचा घसाच मिटतो,
तेवढं सोडून.
हा जंतू मात्र मेणकापड पांघरून बसलेला.

मग लिव्होफ्लॉक्सासिन. ते दोऱ्याचा पीळ सुटू देत नाही,
ताण येतो, दोरा तुटतो.
शेजारच्या खाटेवरचा तोरेबेक जिना उतरताना
त्याची टाचेवरची घोडशीर तुटली,
वाळल्या काटकीचा आवाज झाला.
सायक्लोसेरिन घेणाऱ्या आयझादाकडे
रात्री भिंतीतून उंट यायचे, पाणी मागायचे.
ती उठून बादली भरायची.

आणि रोज सकाळी सुई.
माझ्या भाषेत त्या औषधाच्या नावातच कान आहे.
तिथे कुणालाच तो ऐकू येत नव्हता,
मीही सांगितलं नाही.

ते जंतूच्या वाचनात शिरतं.
काना मात्रा चुकवतं,
मर वाचायचं तिथे मार, तर वाचायचं तिथे तार,
अशी भलतीच प्रथिनं विणत विणत जंतू संपतो.
पण आपल्या पेशीपेशीत जुने भाडेकरू आहेत,
कोट्यवधी वर्षांपूर्वी जंतूच होते,
आत आले, चूल मांडली,
आता आपल्याच घरची ऊब राखतात.
अक्षरं वाचायची त्यांची जुनी खोड गेलेली नाही.
औषध त्यांना त्या खोडीवरून ओळखतं.
आणि कानाच्या शंखात एकदा शिरलं
की लवकर निघत नाही.

चौथ्या महिन्यात सरबिनाझनं त्याला हेडफोन लावले,
आठ हजारचं बटण दाबलं.
बोट वर होईना.
पुन्हा दाबलं.
मशीन बंद आहे तुझं, तो म्हणाला,
जरा मोठ्यानंच.

थुंकी स्वच्छ यायला लागली होती.
डॉक्टर म्हणाले, अजून चार महिने. थांबवलं तर
फुप्फुसाची हमी नाही. चालू ठेवलं तर
तुम्ही जाणताच.
त्यानं विचारलं,
वरून जातं की खालून?
वरून.
मग पक्षी आधी जातील, तो म्हणाला,
आणि दंड पुढे केला.

वसंतात जुमागुल फळी घेऊन आली.
त्यानं नख वाजवलं
आणि लाकडाकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघितलं.
ती बराच वेळ ऐकत राहिली.
गाईल, ती म्हणाली.
त्यानं फळीवर तळवा ठेवला, तिला पुन्हा वाजवायला सांगितलं,
मग हसला.
जळेल.

तरी त्यानं त्याच फळीचा दुतार केला.
कसा वाजतो ते मला कळलं नाही,
तोवर माझी बदली झाली होती.
माझ्या वहीत त्याच्या नावापुढे
कुपी दोनशे चार, शिल्लक शून्य,
आणि शेरा लिहायच्या रकान्यात
थोडं मीठ.