नरसव्वांचा चांद

एकोणतिसाव्या रोजाला आमच्या गच्चीवर अकरा माणसं
आणि बाराव्या नरसव्वा येमूल.
रोजा त्यांचा नव्हता, धुणं त्यांचं होतं.
वाळलेल्या लुगड्यामागून त्याच आधी म्हणाल्या,
"दिसला की वो."

कुठं? कुठं?
त्यांनी बोट केलं बंद मिलच्या चिमणीकडं.
"तिच्या उजव्या अंगाला.
पानाची कातरण पडावी, तेवढाच."
चाळीस वर्षं विड्या वळलेलं बोट ते,
नखात तंबाखूचा रंग मुरलेला.
आम्ही बोटच बघत राहिलो.
आभाळात नुसती धूळ.

मोतीबिंदू काढून त्यांना सव्वा महिना झालेला.
अब्बा म्हणाले, नवा डोळा आहे, काहीही दाखवेल.
कुणी म्हणालं, विमान असेल.
सोलापुरात? विमान?
यावर नरसव्वासुद्धा हसल्या,
आणि धुणं काखेत मारून खाली गेल्या.

साडेनवाला भोंग्यावरून सांगितलं,
चांदची साक्ष कुठूनच आली नाही.
उद्या तिसावा.
येमूलांच्या दारात साक्ष विचारायला
तसंही कोण जाणार होतं?

पहाटे तीनला पाणी आलं, पाचव्या दिवशी.
एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्या हातात नळी,
आधी पिंप, मग घागरी, मग पातेली,
मग शीरखुर्म्यासाठी घासून ठेवलेला मोठा टोपही.
अम्मी ओरडत होती, "वक्त खतम होरा, पानी पियो पैले!"
घरभर पाणी,
आणि प्यायला कुणाला सवड नाही.

साडेआठला मुनाफचा फोन, दम्मामहून.
नवा कुडता, मागं सुदानी खोलीभाऊ शुभ्र फेट्यात,
ताटात खजूर, आणि कुठल्याशा इंडोनेशियन ड्रायव्हरनं दिलेला
झावळीत विणलेला भात.
"ईद मुबारक, अम्मी!"
अम्मीच्या ओठांवर तिसाव्या रोजाची साल.
ती म्हणाली, "खा तू. खा मेरे सामने."
तो घास हातात धरून बसला.
त्यानं कॅमेरा छताकडं फिरवला.
पाच मिनिटं आम्ही एक पंखा बघितला
आणि त्याचं चावणं ऐकलं.

संध्याकाळी चांद शोधावा लागला नाही.
चिमणीच्या पार वर, चांगला जाडजूड,
मगरिबच्या अजाननंतरही कितीतरी वेळ टेकायचं नाव घेईना.
पोरं फटाके लावायला धावली.
अब्बांनी चष्मा पुसला. परत लावला. परत पुसला.
यंत्रमागावर आयुष्य गेलं त्यांचं,
टॉवेलात एक धागा सुटला तरी
दहा हातांवरून दिसायचा त्यांना.
काही बोलले नाहीत.
विजापूर वेशीत जाऊन एवढंच केलं,
चारोळी पावशेर जास्त आणली.

ईदगाहावरून आल्यावर पहिला वाडगा माझ्या हातात दिला.
"नरसव्वाकडं. आधी तिकडं."

त्या उंबऱ्यावर सूप मांडीत घेऊन बसलेल्या,
कात्री चालू.
"आज कामाला?" मी म्हणाले. "सणाचं?"
"सण काल झाला की," त्या म्हणाल्या.
"काल पान भिजवलंच नाही मी.
डोकं धुतलं, गोड खाल्लं, झोपले.
मुकादम बोंबलला,
हजार विड्यांची मजुरी गेली.
जाऊ दे.
बघितल्यावर नाही बघितला कसं म्हणायचं?"
आणि बोटानंच शीरखुर्मा चाटून,
"साखर कमी घातलीस."

दुपारी मुनाफ पुन्हा फोनवर, ड्यूटीच्या बुटांत.
काल फार एकटं वाटलं म्हणाला,
इतकी माणसं होती, तरी.
मी म्हटलं, काल सोलापुरातही एकीनं ईद केली.
तुझ्याच दिवशी.

"कोण?"

मी फोन घेऊन जिना उतरू लागले.