लेन सातच्या मागून

मला माणसं गुडघ्यापर्यंतच ठाऊक.
पिना उभ्या करणाऱ्या यंत्राच्या पोटाखाली एक फट आहे,
तिच्यातून साठ फूट तेलकट लाकूड दिसतं
आणि त्याच्या पलीकडे पाय.
भाड्याच्या बुटांतली पोरं रेषा ओलांडून घसरतात.
एक जण दर वेळी टाच आपटतो,
कुणाचं तरी देणं असल्यासारखी.

डलूथच्या बंदरात बर्फ धरला
की बोटी थांबतात आणि मंगळवारची लीग भरते.
तेव्हा येतात आयला लेहतिनेनचे पाय,
राखी लोकरी मोजे,
डाव्या बुटाचा तळ घासून घासून तुळतुळीत.
बावीस वर्षं ती खनिजाच्या बोटीवर स्वयंपाक करायची.
डुलत्या फरशीवरून उकळतं पातेलं नेणारे पाय ते,
जरा फाकून पडणारे,
खाली जमीन आहे ना, हे विचारून वजन टाकणारे.

चार पावलं.
पट्ट्यांच्या खडखडाटातही मी ओळखायचो:
टप्. टप्. टप्. मग सर्रर्र,
आणि त्या सर्रर्रच्या शेपटावरच
बॉल लाकडाला टेकायचा.
समेवर. आवाज असा येतच नसे,
फक्त गडगड सुरू व्हायची.

मे महिन्यात डावा गुडघा बदलला.
ऑक्टोबरात ती आली तेव्हा मोजे तेच,
पण पायांना घाई.
वाकायची वेळ येण्याआधीच वाकणं उरकून टाकावं
अशी काहीतरी घाई.
टप्-टप्-टप्-सर्र.
मग काही नाही.
मग धप्प.
मधली ती पोकळी पाव सेकंदाची असेल,
पण पडलेल्या दाताच्या जागी जीभ जावी
तसा माझा कान तिथेच जायचा.

संघातल्या बायकांनी सल्ले दिले.
मर्लिस म्हणाली, बॉल जड आहे.
चौदा पौंडांचा गेला, बाराचा आला.
धप्प जरा हलकं झालं, एवढंच.

गुरुवारी दुपारी हॉल रिकामा असतो.
ती बॉल न घेता नुसती चालायची,
रेषेपर्यंत, परत, रेषेपर्यंत,
आणि मी आत साखळीला ग्रीस लावत मोजायचो.
एकदा बॉल परत आणणारा पट्टा अडकला म्हणून बाहेर गेलो.
ती म्हणाली, "तूच ना तो मागचा?
काय ऐकू येतं तुला?"

कुणी विचारलंच नव्हतं कधी.
म्हटलं, "तू आधी येतेस. बॉल नंतर."

ती खुर्चीच्या पाठीला धरून उभी राहिली.
मग हसली, नाकातून.
"बोटीवर उलटं होतं," म्हणाली,
"आधी पातेलं सरकायचं, मग आम्ही."

पुढच्या गुरुवारी एक पाऊल वाढलं.
पाऊल कसलं, अर्धंच,
दाराशी अंधारात चप्पल चाचपावी तसं, डाव्या पायाचं.
पण आता राखी मोजा हलण्याआधी
बॉल पुढे जायचा.
ढकललेला नव्हे, सोडलेला.
तो आपल्या वजनाने खाली, मागे, वर,
आणि पाय त्याच्या मागून,
त्याच्यावर लक्ष ठेवत.

जमलं असं नाही.
कधी अर्धं पाऊल विसरायची, कधी दोनदा टाकायची.
एकदा बॉल सरळ नालीत गेला
आणि ती फिनिश भाषेत काहीतरी बोलली,
ते माझ्यापर्यंत साठ फूट आलं.

काल मंगळवार. लेन नऊची पिन तिरकी अडकली होती,
मी दंडापर्यंत यंत्रात.
सातकडे पाहताच आलं नाही.
नुसतं ऐकलं:
टप्, टप्, टप्, टप्, सर्रर्र.
पुढे थांबून राहिलो.
धप्प आलंच नाही.
आली ती गडगड.

सात पडल्या असाव्यात, आठ नाहीत.
कोपऱ्यातली एक डुलत राहिली बराच वेळ,
फरशी हलत असल्यासारखी,
आणि उभीच राहिली.

तिचा बॉल माझ्याकडे आला, तेलाने माखलेला.
नियमात नाही, पण बाहीने पुसला
आणि मग पट्ट्यावर सोडला.