माया

गुरुवारची मिस्सा संपली की बावीस वर्षं
मीच उभा राहून मोठ्यानं म्हणतो:
पिकाच्या धन्या, तुझ्या कापणीला कामकरी पाठव.
मागून बायाबापड्या म्हणतात, पाठव, प्रभो.
मग डालड्याचा डबा फिरतो.
सिलूबाई त्रिभुवन दहाची नोट टाकते,
कापूस वेचून बोटं चिरलेली,
आणि दर वेळी विचारते, "आपला पोऱ्या कुठवर आला?"
आपला म्हणजे नेमका कोणता, तिला ठाऊक नसतं.
तिला स्वतःला लेकरू नाही.

मी शांतवन मगरे, शिंपी,
वैजापूरच्या स्टँडमागं एका मशीनचं दुकान.
सेमिनरीला गेलेल्या सात पोरांचे झगे शिवले मी.
मजुरी घेतली नाही. दोरा मात्र डब्यातून.
सोळा-सतराची पोरं, अंगानं काडी,
टेप लावली की गुदगुल्या होऊन हसायची.
मी सांगायचो, माया सोडलीय रे तीन बोटं,
नऊ-दहा वर्षांचं काम आहे, वाढशील, तेव्हा उसव.

दोघं फादर झाले. चौघांचं अजून चालू आहे.
एक चौथ्या वर्षी परत आला, रात्रीच्या एसटीनं,
आणि दोन महिने गल्लीतून भिंतीला घासून चालायचा.
सिलूबाईनं त्याला धरून चहा पाजला,
म्हणाली, "मी काय दहा रुपये परत मागते का रं?"
आता तो पाण्याच्या मोटारी भरतो
आणि डब्यात पन्नास टाकतो.

हे सगळं मी छाती काढून सांगायचो.
दुसऱ्याचं लेकरू देवाला द्यायला
हात कसा चटकन वर होतो.

मग आगमनकाळात एका संध्याकाळी
मपली रेबेका, एकुलती,
काजं करता करता सुई दातांत धरून म्हणाली,
"बाबा, मला सिस्टर व्हायचंय."
ऐकू न आल्यासारखं मी मशीन चालवलं.
तिनं दोरा तोडला. पुन्हा म्हणाली.

त्या गुरुवारी 'कापणीला'पाशी माझा आवाज अडकला.
उरलेली ओळ सिलूबाईनं पुरी केली,
एकटीनं, फाटक्या आवाजात.
मला तिचा राग आला. खरं सांगतो, देवाचाही.
मनात म्हणालो,
पाठव म्हटलं होतं. ने नव्हतं म्हटलं.

घरी तिची आई एवढंच बोलली,
"आपणच मागत होतो ना?"
आणि भाकरी उलटली.

आता कॉन्व्हेंटची यादी आलीय.
फिक्या रंगाचे दोन साधे ड्रेस, ब्लँकेट,
स्टीलचं ताट, जपमाळ, स्लिपर.
सोमवारी रोटेगावहून गाडी.
काल रात्री तिला दिव्याखाली उभी केली.
एकोणीस वर्षं जिची मापं तोंडपाठ होती
तिची पहिल्यांदा वहीत लिहिली.
ती हसली, "बाबा, मी आता काय वाढायची नाही."
मी खडूनं रेघ ओढली,
आणि रेघेच्या बाहेर
चार बोटं ठेवून
कात्री धरली.